दवाखान्याच्या मडक्यात उडीद

धार, कार्तिक वद्य ३, शके १८३०

मालन,

आशीर्वाद. नको असला तर परत पाठव, इथं घेणाऱ्या पुष्कळ आहेत.

अक्षर मोरोपंतांचं, बोलणं माझं. पंत म्हणतात, पत्राच्या आरंभी क्षेमकुशल घालावं लागतं. मी म्हटलं, जिनं दोन वर्षांत स्वतःचं क्षेम कळवलं नाही, तिला आपलं फुकट कशाला सांगा? तर त्यांनी लेखणी खाली ठेवली. बरं, घ्या. गुडघे दुखतात, दात आहेत तेवढे आहेत, शेळी व्याली. उचलली लेखणी.

दसऱ्याला तुझं कार्ड आलं. पंतांनी वाचून दाखवलं, 'आजीस साष्टांग नमस्कार.' मी म्हटलं, पंत, ही पोर साष्टांगवाली नाही, परत वाचा. तेव्हा खरं निघालं. 'धारेत बायांना दोघी-दोघींनी पाठवायला लागले तर कळव. तोवर मी देवासला बरी आहे.' बस्स. पंतांनी नमस्कार पदरचा घातला होता. म्हाताऱ्याचं मन मोठं आहे, पण वाचनावर विश्वास ठेवू नये.

तुझं देवास म्हणजे दोन पात्यांचं गाव. थोरल्या पातीचा राजा वेगळा, धाकट्या पातीचा वेगळा, म्हणून बायाही दोन-दोन पाठवत असतील. आमच्या धारेत राजा एक, बाई एक. आजाऱ्याच्या घरी जायचं, बाळंतिणीच्या घरी जायचं, नालछा असो की धरमपुरी, दवाखान्यानं सांगितलं की एकटीनं निघायचं. तुला सांगायला नको.

पण आता एक झालंय. दवाखान्यात दत्तोपंत नावाचा नवा कारकून आलाय. तरणा आहे, चष्मा आहे, बोलायला गोड आहे. परवा माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"जानकीबाई, घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या तुम्ही बाया. तुम्हांला या कामात समाधान आहे का, ते मोजायचं आहे."

मी म्हटलं, "मोजा की. पायलीनं मोजता का गजानं?"

हसला बिचारा. मग खालच्या आवाजात म्हणाला, वरच्या मंडळींनी ठरवलंय, बाया असमाधानी निघाल्या तर एकटीनं जायचा नियम बदलायचा. समाधानी निघाल्या तर आहे तसंच चालू.

हे तुला कळवलं. ये असं म्हटलेलं नाही. पंत, ते शेवटचं दोनदा लिहा.

जानकीबाई

धार, मार्गशीर्ष शुद्ध ६

मालन,

मोजणी झाली. पंत म्हणतात, हळूहळू सांगा, हसताना तुमचं बोलणं कळत नाही.

दत्तोपंताचा विचार चांगला होता. आम्हांला अक्षर येत नाही आणि मोठ्या डागदरसाहेबांसमोर आमच्यातली एक तोंड उघडेल तर शपथ. म्हणून त्यानं ठरवलं, दाण्यांनी विचारायचं. मडक्याला फडकं बांधायचं, फडक्याला हात जाईल एवढं भोक. समाधान असेल तर पांढरा दाणा टाकायचा, नसेल तर काळा. कोणी काय टाकलं, कोणाला दिसणार नाही. सगळ्यांनी दोन्ही मुठींत दोन्ही दाणे घेऊन जायचं.

दाणे आणायचं मात्र विसरला. माझं घर दवाखान्याला लागून, तर म्हणतो, "जानकीबाई, काळं-पांढरं काही आहे का घरात?" मी चटकन् दिलं. पांढरे तांदूळ, काळे उडीद. डोकं कुठं होतं माझं, देव जाणे. शेळीचं करडू आजारी होतं, त्याच्यात असेल.

सगळ्या जमल्या होत्या. नालछ्याकडच्या आल्या, धरमपुरीची घाट चढून आली. यमुनाबाई पुढं बसली होती, तिची जीभ तुला ठाऊक आहे. वयानं मोठी म्हणून पहिली मी. मी घरून ठरवूनच आले होते. उडीदच टाकायचा. उजव्या मुठीत तो, मडक्यात हात घातला आणि हात आत अडला.

अगं, मडक्यात उडीद! मनात दुसऱ्याचं नाव घेऊन, न बोलता, मुठीतून उडीद सोडायचा, म्हणजे काय करतो आपण? उताराच की! पानात वरण म्हणून उडीद चालतो, मी परवाच केलं होतं. पण असा मुठीतून मडक्यात सोडायचा तो पीडा उतरवायलाच. आणि मडकं कोणाचं? दवाखान्याचं! आत रोगी निजलेत, मागल्या खोलीत पाचवी व्हायची बाळंतीण आहे, आणि मी दारात बसून दवाखान्यावर उतारा टाकू? आयुष्य गेलं माझं बाळंतिणींच्या उशाशी. हात बाहेर काढला, डावा घातला, तांदूळ सोडला. उडीद पदराला बांधला.

माझ्यामागून एकेक गेली. एकेकीचा हात आत जाई, थांबे, बाहेर येई, दुसरा जाई. दत्तोपंत लांब उभा, त्याला वाटलं बाया फार विचार करून उत्तर देताहेत.

मडकं सुपात ओतलं तर नुसत्या अक्षता! एक काळा दाणा नाही. दत्तोपंताचे डोळे भरून आले. म्हणाला, "जानकीबाई, इतकी समाधानी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत."

डागदरसाहेब आपले हसून मान हलवताहेत. बाहेर आल्यावर सगळ्यांनी चौकात पदराचे उडीद सोडले, घरी कोण नेणार ते? यमुनाबाई म्हणाली, "झालं बाई. धारेची सगळी पीडा उतरली, आपली तेवढी राहिली."

दुसऱ्या दिवशी लोक तो चौक वळसा घालून जात होते. कोणा मोठ्या घरचा उतारा म्हणून.

हसलीस तर कळव.

जानकीबाई

धार, मार्गशीर्ष वद्य १०

मालन,

तुझं कार्ड आलं. पंतांनी या वेळी पदरचं काही घातलं नाही, कारण घालायला जागा नव्हती. 'तांदूळच टाकलास ना आजी. मला ठाऊक होतं.'

ठाऊक होतं म्हणे. देवासच्या टेकडीवरून तुला धारेचं मडकं दिसतं वाटतं.

मी नियमाच्या बाजूची आहे असं तू धरून चालतेस. मी नियमाच्या बाजूची नाही, कामाच्या बाजूची आहे. आजारी माणूस निजलेलं असताना घरं निवडत बसायचं नसतं, हे मी तुला शिकवलं आणि तेच तुला डाचतं. नालछ्याहून परत आलीस तेव्हा मी "रोगी उठून बसला का" एवढंच विचारलं, असं तू सगळ्यांना सांगत गेलीस. रोगी उठून बसला होता. हे तरी खरं ना? तू पाणी न पिता उभी होतीस हे मला दिसलं नाही असं नाही. पंत, ते शेवटचं खोडा. पंत खोडत नाहीत. म्हणतात, शाई वाळली.

असो. वर अहवाल गेला. वरून उत्तर आलं, बाया पूर्ण समाधानी, नियमात बदल नको. शिवाय यमुनाबाईला धरमपुरीच्या पलीकडचं गाव जास्तीचं दिलं, समाधानी आहे म्हणून. ती माझ्या दारात येऊन इतकं बोलली की शेळी दावं तोडायला लागली.

मग दोघी मिळून दत्तोपंताच्या घरी गेलो. तो जेवत होता, त्याची आई वाढत होती. मी सगळं सांगितलं. 'उडीद' शब्द निघाल्याबरोबर त्या माउलीच्या हातची पळी खाली पडली. "अरे दत्तू! दवाखान्याच्या मडक्यात उडीद टाकायला लावलेस? बाळंतीण होती ना रे आत?"

दत्तोपंताचा घास हातात तसाच. म्हणाला, "पण जानकीबाई, दाणे तर तुम्हीच दिलेत!"

दिले होते मीच. मी म्हटलं, "चुकलं. तुमचंही, माझंही. आता पुन्हा मोजा."

"पुन्हा मोजायला वरची मंडळी हसतील मला."

यमुनाबाई म्हणाली, "हसू द्या की. आम्हांला एकटीनं रानातून जाताना हसू येत नाही, त्याची भरपाई होईल."

त्या पोरानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "मोजतो."

पण कशानं? त्याची आई एकेक डबा उघडून दाखवू लागली. मोहरी? दृष्ट काढायला. मीठ? दृष्ट काढायला. मिरची? तीही त्यालाच. लिंबाचं तर नावच नको. हळकुंड टाकलं तर लग्नाचं आमंत्रण व्हायचं. अख्ख्या स्वयंपाकघरात नुसतं विचारायच्या उपयोगाचं काही सापडेना.

शेवटी यमुनाबाईनंच काढलं. "दाण्याचा रंग एकच ठेवा, मडकी दोन ठेवा." आणि बी कसलं, तर मांडूच्या इमलीचं. त्या जाड्या झाडांच्या फळातलं. नालछ्याच्या बाजारात ढीग पडलेले असतात, पोरं खेळतात त्यांनी. त्याला ना देव ना भूत.

हे तुला सांगायचं कारण नव्हतं. तरी सांगितलं.

जानकीबाई

धार, पौष वद्य ४

मालन,

हे पत्र नीट बसून वाच. तुझ्या रोग्याला आधी पाणी दे, मग वाच.

दुसरी मोजणी काल झाली. डागदरसाहेबांना दत्तोपंतानं फेरीला पाठवून दिलं होतं, कसं ते त्याचं त्याला माहीत. खोलीत पडदा, पडद्यामागं दोन मडकी. एक कोरं, ते समाधानाचं. दुसरं कडेला चीर गेलेलं, ते असमाधानाचं. हातात एकेक बी.

तर आधीच भांडण लागलं. यमुनाबाई उठून दत्तोपंताला म्हणाली, "भिया, एका बीत कसं सांगू? काम मला आवडतं. तापात बरळणारं माणूस शुद्धीवर येऊन पाणी मागतं ना, तेव्हा मला राणीसारखं वाटतं. आवडत नाही ते दुसरंच. कोणत्या मडक्यात टाकू?"

नालछ्याची एक म्हणाली, "मी तर चिरेच्यातच टाकणार." तिसरी म्हणाली, "मग तुझं काम काढून घेतील." झाला गोंधळ. दत्तोपंतानं चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाला, "बरोबर आहे. चूक माझ्या प्रश्नात आहे. दोनदा विचारतो."

पहिल्यांदा विचारलं, काम आवडतं का? सगळ्यांनी बिया टाकल्या, कोरं मडकं जड झालं. चिरेच्यात थोड्या पडल्या, नाही असं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, एकटीनं जाण्यात समाधान आहे का? या वेळी पडद्यामागून नुसता चिरेच्या मडक्याचा भद्द आवाज. एकीमागून एक. मी बाहेर बसून ऐकत होते. चीर गेलेलं मडकं वाजत नाही, नुसतं आपटतं. मी टाकली तेव्हाही तसाच.

मोजून झाल्यावर दत्तोपंत म्हणाला, "वर लिहायचं तर कारणं लागतील. कोणी सांगेल का?"

मग एक बोलली, वरून पाणी ओततात, भांडं देत नाहीत. दुसरी बोलली, रोग्याचं सगळं आम्ही काढायचं आणि निजायला गोठा. यमुनाबाईला वाटेत कुत्रं चावलं होतं, पोटरी दाखवली तिनं, दत्तोपंत लाजून भिंतीकडं पाहायला लागला.

खरं कारण कोणी सांगेना. सगळ्यांना ठाऊक, आणि कोणी सांगेना.

मी म्हटलं, "नालछ्याला जगदेवरावांचं घर आहे. माझ्या नातीला तिथं पाठवलं होतं, त्यांच्या आईच्या शुश्रूषेला. पोरगी आतून कडी लावून, दाराला जातं ओढून बसली होती. बाहेर तो उभा होता. अशा घरी दोघी गेल्या असत्या तर जातं ओढायची पाळी आली नसती. हे लिहा."

दत्तोपंत म्हणाला, "नावासकट लिहू?"

"नावासकट. माझंही घाला. अक्षर येत नाही, अंगठा येतो."

माझ्यानंतर नालछ्याची ती बोलली. तिच्याही बाबतीत घर तेच. दोन वर्षं तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

पंत आज भराभर लिहिताहेत, मान वर करत नाहीत. मी विचारलं, पंत, असलं पत्रात लिहीत नाहीत ना? तर म्हणाले, "पुढं सांगा, जानकीबाई."

पुढं काही नाही. शेळीचं करडू बरं आहे.

जानकीबाई

धार, माघ शुद्ध ७

मालन,

हुकूम आला. पंतांनी दोनदा वाचला, मी तिसऱ्यांदा वाचायला लावला, आता त्यांचा पदरचा मजकूर पकडायची सवय लागली आहे. गावाच्या वेशीबाहेर जायचं तर दोघींनी. वेशीच्या आत एकटीनं, पहिल्यासारखंच. आणि जगदेवरावांच्या घरी यापुढं बाई जाणार नाही, रोगी पाहिजे तर दवाखान्यात आणावा.

वेशीच्या आतली सगळी देवमाणसं आहेत असं वरच्यांना वाटतं. वाटू दे. यमुनाबाई म्हणते, निम्मं मिळालं. मी म्हणते, उरलेल्या निम्म्याच्या बिया जपून ठेव, पुढं लागतील.

जोड्या आम्हीच ठरवायच्या आहेत. मला विचारलं, तुमची जोडीदारीण कोण? मी म्हटलं, माझी यायची आहे. नाही आली तर यमुनाबाईबरोबर जाईन, आणि वाटेत तिची जीभ ऐकून मरेन, ते पाप कोणाच्या माथी ते मी सांगत नाही.

तू दोघी-दोघींचं कळव म्हणाली होतीस. कळवलं.

जानकीबाई

धार, फाल्गुन शुद्ध ३

मालन,

हे पत्र तुझ्याच हातानं तुलाच.

हसू नकोस, लिही. पंतांना आज सुट्टी दिली आहे. तू देवासहून आलीस, रजा घेऊन आलीस, होळीनंतर राहायचं की परत जायचं ते सांगत नाहीस. धुतेस, सारवतेस, करडाशी तासन्‌तास बोलतेस. माझ्याशी बोलतेस ते 'हो' आणि 'नाही.' समोर बसून मला काही विचारता येत नाही. पत्रात येतं, हे या हिवाळ्यात कळलं. म्हणून सांगते ते लिही.

'आजी, हे काय खूळ?' म्हणालीस. तेही लिही. सगळं लिहायचं.

लिही. नालछ्याहून आलीस तेव्हा मी विचारायला हवं होतं ते आज विचारते. पुढं लिही, थांबू नकोस. तुला माझ्याबरोबर, या घरात, या कामात समाधान आहे का?

लिहिलंस? आता लेखणी ठेव. कोनाड्यात ती दोन मडकी आहेत, दत्तोपंताकडून मागून आणली. ही घे बी. कोरं समाधानाचं, चिरेचं दुसऱ्याचं. मी पाठ करून बसते.

उचल लेखणी आता. लिही, म्हातारीनं पाठ केली. लिही, बी आपटली, वाजली नाही.

चिरेच्यात.

बरं. रडू नकोस, कागद भिजेल, दुसरा नाही घरात. मी रडत नाही, चुलीचा धूर आहे. चूल पेटलेली नाही हे मला दिसतंय. तू कारण सांग, आणि सांगता सांगता लिही.

'आजी, काम मला आवडतं. तू आवडतेस. पण तू अजून मला विचारत नाहीस. आज सकाळी गाडीवान आला, नालछ्याला बाळंतपण आहे म्हणाला. मी आत असताना तू त्याला परस्पर सांगितलंस, आम्ही दोघी उद्या येतो. नालछ्याला. मला न विचारता.'

सांगितलं खरं. तो म्हणत होता, "दोई बेठी जाव बई, बळद नी थाके." दोघी बसलात तरी बैल थकणार नाहीत म्हणे, मी बैलांचा विचार केला.

मालन, बैलांना विचारलं आणि तुला नाही.

आता लिही, आणि हे मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे मला वाचता येत नसलं तरी कुठं आहे ते बोटानं दाखवता येईल. उद्या नालछ्याला जायचंय. घर दुसरं आहे, गाव तेच. मी सोबत आहे. नाही म्हणालीस तर गाडीवानाला मी सांगेन, आणि का नाही असं विचारणार नाही. येतेस का?

मान हलवू नकोस. कागदावर लिही काय ते. आणि मला वाचून दाखव, पदरचं काही न घालता.

'येते. पण पुढं मी बसणार, गाडीवानाजवळ. तू मागं सावलीत.'